यादीतले शब्द आणि वापरातले शब्द

इंग्रजी प्रावीण्य परीक्षेच्या तयारीला लागलेल्या बहुतेक उमेदवारांच्या हाती पहिल्या काही दिवसांतच एक यादी पडते. तीत पाचशे, हजार, कधी तीन हजार 'प्रगत' शब्द वर्णानुक्रमाने मांडलेले असतात, प्रत्येकासमोर एखादा समानार्थी शब्द आणि फार तर एक वाक्य असते. 'इम्पॉर्टंट'च्या जागी 'पॅरामाउंट', 'मेनी'च्या जागी 'अ प्लेथोरा ऑफ' आणि 'प्रॉब्लेम'च्या जागी 'प्रेडिकमेंट' लिहिले की गुण वाढतात, असा सल्लाही सोबत मिळतो. माझे म्हणणे असे की ही यादी ज्या कामासाठी दिली जाते त्या कामाला ती उपयोगी पडत नाही, आणि ज्या कामाला ती थोडीफार उपयोगी पडली असती त्यासाठी ती कोणी वापरत नाही. वाचताना-ऐकताना ओळखायचे शब्द आणि लिहिताना-बोलताना वापरायचे शब्द हे दोन वेगळे साठे आहेत. ते वाढवण्याच्या रीती वेगळ्या आहेत आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा आहे. प्रगत पातळीच्या तयारीत हा भेद पुसला जातो. या परीक्षांच्या गुणांवर विद्यापीठातला प्रवेश, व्हिसा आणि अनेक ठिकाणी परिचारिकांची किंवा डॉक्टरांची व्यावसायिक नोंदणी अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या सवयीपुरता राहत नाही.

या यादीचे मूळ जुन्या परीक्षांमध्ये आहे. केंब्रिजने 1913 साली इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिला तीन उमेदवार बसले, बारा तासांच्या त्या परीक्षेत त्यांनी भाषांतरापासून ध्वनिशास्त्रापर्यंत सगळ्याला तोंड दिले आणि तिघेही नापास झाले. सुटा शब्द देऊन त्याचा अर्थ पर्यायांतून निवडायला लावण्याची पद्धत पुढे बहुपर्यायी चाचण्यांबरोबर रुळली. 1964 साली सुरू झालेल्या टोफेल या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेत ती बरीच वर्षे टिकली. एसएटी आणि जीआरई या अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षा खरे तर भाषाप्रावीण्याच्या नव्हेत, पण विरुद्धार्थी शब्द आणि सारखे नाते असलेल्या शब्दांच्या जोड्या विचारून त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या याद्यांना मोठी बाजारपेठ मिळवून दिली. पुढे एसएटीने 1994 मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि 2005 मध्ये जोड्या वगळल्या. टोफेलने 1990च्या दशकात सुट्या शब्दांचे प्रश्न काढून ते उताऱ्याच्या ओघात आणले. जीआरईने 2011 मध्ये हे दोन्ही प्रकार बंद केले. परीक्षा घेणाऱ्यांनी याद्यांचा नाद सोडला, परीक्षेची तयारी करून घेणाऱ्यांनी मात्र सोडला नाही.

यादीच्या बाजूने एक मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा. आयईएलटीएस या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेतल्या लेखनाच्या मूल्यमापनात चार निकष असतात आणि त्यांपैकी एक, म्हणजे एक चतुर्थांश वजनाचा, शब्दसंपदेचा असतो. त्याच्या सातव्या बँडच्या (बँड म्हणजे गुणांची पायरी) वर्णनात कमी प्रचलित शब्द वापरण्याची काही क्षमता अपेक्षित आहे आणि आठव्या बँडच्या वर्णनात असे शब्द कौशल्याने वापरणे अपेक्षित आहे. तेव्हा कमी प्रचलित शब्दांना गुण मिळतात, ही समजूत हवेतून आलेली नाही. पण तेच वर्णन पुढे वाचले तर सातव्या बँडसाठी शैलीची आणि शब्दांच्या परस्पर संगतीची जाण दिसली पाहिजे, असेही म्हटलेले आढळते. आठव्या बँडसाठी नेमका अर्थ पोहोचवणे ही पहिली अट आहे. सर्वांत बोलके वर्णन सहाव्या बँडचे आहे. जो लेखक धोका पत्करतो त्याच्या लेखनात शब्दांची विविधता अधिक दिसेल, पण चुकीचे आणि अयोग्य शब्दही अधिक दिसतील, असे तिथे स्पष्ट नमूद केले आहे. यादी पाठ करून ती उत्तरात ओतणाऱ्या उमेदवाराचे याहून अचूक वर्णन मला करता येणार नाही. सातची आस धरून केलेली मेहनत त्याला सहाच्या चौकटीत बसवते.

हे कसे घडते ते एका वाक्यात पाहता येईल. मोठ्या शहरांतील वाहतूक कोंडी हा या परीक्षांमधला नेहमीचा विषय आहे. त्यावर एक उमेदवार लिहितो: 'गव्हर्नमेंट्स शुड टेक स्टेप्स टु ईज ट्रॅफिक कंजेशन इन लार्ज सिटीज.' दुसरा यादी उघडून तेच वाक्य सजवतो: 'गव्हर्नमेंट्स शुड ऑब्लिटरेट द प्लेथोरा ऑफ व्हेइक्युलर प्रेडिकमेंट्स इन कोलॉसल सिटीज.' दुसऱ्या वाक्यातला प्रत्येक शब्द समानार्थी शब्दांच्या कोशात मूळ शब्दाच्या आसपास कुठे तरी सापडेल, आणि तरीही परीक्षक त्यात चार वेळा अडखळेल. 'ऑब्लिटरेट' म्हणजे नामोनिशाण पुसणे. बॉम्बवर्षावात गाव नष्ट होते किंवा एखादी खूण मिटवली जाते तेव्हा तो शब्द येतो, कोंडी कमी करण्याला तो लागू पडत नाही. 'प्लेथोरा'मध्ये नको इतके आधिक्य असल्याची छटा आहे. मूळचा तो वैद्यकातला, शरीरात रक्त फाजील झाल्याच्या विकाराचे नाव असलेला शब्द. 'प्रेडिकमेंट' म्हणजे माणूस ज्या पेचात सापडतो तो पेच. वाहनांना पेच पडत नाही. 'कोलॉसल' पुतळ्याला, चुकीला, उधळपट्टीला शोभते. आता पहिले वाक्य पाहा. त्यातला एकही शब्द मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटणार नाही, पण 'कंजेशन' या नामाला 'ईज' हे क्रियापद लावणे त्याला आपसूक सुचणार नाही. प्रगत शब्दसंपदा इथे आहे, आणि यादीला ती दिसत नाही, कारण दोन्ही शब्द एकेकटे पाहिले तर साधेच आहेत.

आपल्या भाषेत ही संगत आपण कोणी न शिकवता पाळतो. कोंडी फुटते, गुंता सुटतो, तंटा मिटतो, साथ ओसरते, महागाई आटोक्यात येते. 'साथ सुटली' किंवा 'महागाई मिटली' असे कोणी लिहिले तर अर्थ कळतो, पण लिहिणाऱ्याचा या भाषेत वावर नाही हेही त्याच क्षणी कळते. इंग्रजीतही 'कर्ब इन्फ्लेशन', 'अलीव्हिएट पॉव्हर्टी', 'कॉम्बॅट क्राइम', 'अड्रेस कन्सर्न्स', 'मिटिगेट द इम्पॅक्ट' अशा जोड्या ठरलेल्या आहेत, आणि यादीत ही पाचही क्रियापदे 'कमी करणे' किंवा 'सोडवणे' या एकाच अर्थाखाली कोंबलेली असतात. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1950च्या दशकातच मांडला होता. कोशकारांनी तो मनावर घेतला आणि आज शब्दांच्या जोड्यांचे स्वतंत्र कोश मिळतात. तयारीच्या वर्गात मात्र असा कोश क्वचितच उघडला जातो.

संगतीखेरीज शब्दाचे व्याकरणही असते. ज्याने 'युबिक्विटस' पाठ केला आहे तोच उमेदवार 'डिस्कस अबाउट' आणि 'एम्फसाइझ ऑन' लिहितो, हे दृश्य नवे नाही. या दोन्ही क्रियापदांना तिथे शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'इकॉनॉमी'पासून निघालेले 'इकॉनॉमिक' अर्थव्यवस्थेविषयी असते आणि 'इकॉनॉमिकल' काटकसरीचे असते. 'इकॉनॉमिकल ग्रोथ' असे लिहिणाऱ्याला 'पॅरामाउंट' वाचवू शकत नाही. केंब्रिजच्या वरच्या पातळीवरच्या परीक्षांत तर एका मूळ शब्दापासून योग्य रूप घडवण्याचा स्वतंत्र प्रश्नच असतो. एक शब्द जाणणे म्हणजे त्याचा अर्थ, त्याची रूपे, त्याचे सोबती, त्याची रचना आणि तो कोणत्या प्रसंगी बोलायचा व कोणत्या प्रसंगी टाळायचा, हे सारे जाणणे होय. या हिशेबाने 'इश्यू', 'रेट', 'रेझ', 'सस्टेन', 'अकाउंट' यांसारखे ओळखीचे शब्द अनेकांना अर्धेच येतात, आणि उरलेला अर्धा भाग कमावणे हीच प्रगत पातळीची खरी मेहनत आहे.

येथवर मी वापरायच्या शब्दांविषयी बोललो. ओळखायच्या शब्दांचा हिशेब अगदी वेगळा आहे, आणि तिथे संख्येला खरोखरच महत्त्व आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये केलेल्या मोजणीनुसार सर्वसाधारण लिखित मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे व्हायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात आणि बोललेल्या इंग्रजीसाठी सहा ते सात हजार पुरतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सर्व रूपे. 95 टक्के शब्द ओळखणे आणि 98 टक्के ओळखणे यांत फार फरक वाटत नाही, पण आयईएलटीएसच्या अकॅडमिक वाचनाच्या तीन उताऱ्यांत मिळून सुमारे अडीच हजार शब्द असतात असे धरले, तर 95 टक्के ओळखणाऱ्यासमोर सव्वाशे अनोळखी शब्द येतात आणि 98 टक्के ओळखणाऱ्यासमोर पन्नास. एका तासात चाळीस प्रश्न सोडवायचे असताना दर वीस शब्दांनी ठेच लागणे आणि दर पन्नास शब्दांनी लागणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या उमेदवाराला आजूबाजूच्या मजकुरावरून अर्थ ताडता येतो, पहिल्याला तो आजूबाजूचा मजकूरच पुरेसा कळलेला नसतो.

हा साठा वाढवताना शब्दाची खोल ओळख लागत नाही. तो दिसल्यावर साधारण अर्थ चटकन आठवला तरी काम भागते, आणि इथे यादी चालते. फक्त ती नीट निवडलेली हवी. मायकल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. पुढे 2000 साली अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे 35 लाख शब्दांचे विद्यापीठीय लेखन तपासून, वेस्ट यांच्या सूचीबाहेरची पण सर्व विद्याशाखांत वारंवार येणारी 570 शब्दकुटुंबे वेगळी काढली. एवढी कुटुंबे विद्यापीठीय मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतात. या दोन सूची पाहिल्या की लक्षात येते की त्यांत दिखाऊ असे काहीच नाही. 'अॅनालाइझ', 'अझ्युम', 'कॉन्स्टिट्यूट', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय', 'सिग्निफिकंट' असे शब्द तिथे भेटतात. निवडीचा निकष वारंवारता हा आहे, दुर्मीळपणा नव्हे, आणि बाजारातल्या याद्या नेमक्या उलट निकषावर बेतलेल्या असतात: शब्द जितका क्वचित दिसणारा, तितका तो 'प्रगत'. जो शब्द वर्षभराच्या वाचनात एकदा भेटतो तो पाठ करण्यात घालवलेला अर्धा तास, रोज भेटणाऱ्या पण अर्धवट ठाऊक असलेल्या शब्दाच्या वाट्याचा असतो.

पाठ करण्याच्या पद्धतीबाबतही बाजारातली यादी चुकीची वाट दाखवते. बहुतेक याद्या समानार्थी शब्दांचे झुबके करतात: 'हॅपी'खाली सात, 'बिग'खाली नऊ. 1990च्या दशकात टिंकहॅम आणि वेअरिंग या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले की अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांच्या आड येतात आणि असंबद्ध शब्दांपेक्षा शिकायला जास्त वेळ लागतो. एकाच दिवशी 'अलीव्हिएट', 'मिटिगेट', 'अमेलियोरेट' आणि 'अबेट' शिकलेल्याला आठवड्याने चारही आठवतात, पण कोणता कुठला हे आठवत नाही. विस्मरणाची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की पाठ केलेले सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत वेगाने निसटते, आणि उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा अंतर ठेवून केल्यास अधिक टिकते. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये हाच विचार शब्द लिहिलेल्या पत्त्यांच्या (कार्डांच्या) खोक्याच्या रूपात मांडला: जे पत्ते आठवतात ते मागच्या कप्प्यात जातात आणि उशिरा भेटतात, जे चुकतात ते पुढे येतात. आजची उजळणीची ॲप्स या कल्पनेवर उभी आहेत. ती वापरावीत, मात्र पत्त्यावर सुटा शब्द लिहिण्याऐवजी वाचनात भेटलेली पूर्ण जोडी, शक्य असल्यास पूर्ण वाक्य लिहावे, एवढा बदल केला तरी ओळखण्याच्या आणि वापरण्याच्या अशा दोन्ही साठ्यांना तो पत्ता पोसतो.

यावर येणारा सर्वांत रास्त आक्षेप वेळेचा आहे. परीक्षा दीड महिन्यावर आली आहे, शुल्क भरून झाले आहे आणि वाचनातून शब्दसंपदा वाढवण्याला तर वर्षे लागतात, मग यादीशिवाय करायचे काय? वर्षे लागतात हे खरे आहे आणि कोणताही प्रामाणिक शिक्षक ते लपवणार नाही. पण दीड महिन्यात नवे हजार शब्द वापरात येणे जितके अशक्य आहे, तितके अर्धवट ठाऊक असलेले दीडशे-दोनशे शब्द पक्के करणे अशक्य नाही. परीक्षेत येणारे विषय ठराविक वर्तुळात फिरतात: शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, शहरे, तंत्रज्ञान, काम, गुन्हेगारी. प्रत्येक विषयावर दोन-तीन चांगले लेख सावकाश वाचून त्यांतली नामे आणि त्यांना लागलेली क्रियापदे टिपली, त्याच दिवशी त्या जोड्या घेऊन एक परिच्छेद लिहिला आणि तो कोणी तरी जाणत्याने तपासला, तर सहा आठवड्यांत लेखनाचा पोत बदलतो. गुणदानाच्या वर्णनातल्या 'कमी प्रचलित' या शब्दप्रयोगाचा अर्थही याच वाचनात उलगडतो. 'सब्सिडाइझ', 'इन्सेंटिव्ह', 'कम्यूट', 'प्रिव्हेंटिव्ह', 'रीऑफेंड' हे त्या त्या विषयाचे शब्द कमी प्रचलित आहेत आणि दुर्मीळ मात्र मुळीच नाहीत. विषय जाणणारा माणूस ते सहज वापरतो.

दुसरा आक्षेप यंत्रांचा आहे, आणि तो थोडा नाजूक आहे. टोफेलच्या लेखनासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ई-रेटर या आपोआप गुण देणाऱ्या संगणक प्रणालीत शब्दांची सरासरी लांबी आणि त्यांची वारंवारता हे घटक मोजले जातात. मग लांब आणि अपरिचित शब्दांनी यंत्राला भुलवता येणार नाही का? थोडेफार येत असेलही. पण त्याच प्रणालीत शब्दांच्या जोड्या आणि शब्दयोगी अव्ययांचा योग्य वापर यांनाही स्थान दिले गेले, शब्दवापरातल्या चुका वेगळ्या मोजल्या गेल्या आणि माणूस-परीक्षकाचे गुण सोबत होतेच. ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेत खऱ्या शब्दांत बनावट शब्द मिसळून खरे ओळखायला लावणारा प्रश्न आला, त्यात रुंद साठ्याचा फायदा होतो हे मान्य करायला हवे. मात्र तो ओळखण्याचा साठा आहे, आणि बनावट शब्दाला नकार देण्याचे धैर्य पुष्कळ वाचलेल्यालाच येते, कारण न भेटलेला शब्द आणि अस्तित्वात नसलेला शब्द यांतला फरक यादी सांगत नाही.

मग यादी टिकली कशी? माझ्या मते ती शिकवणाऱ्याच्या सोयीची आहे म्हणून. यादी छापता येते, वाटता येते, तिच्यावर दर आठवड्याला चाचणी घेता येते आणि 'अमुक इतके शब्द झाले' असे विद्यार्थ्यालाही दाखवता येते. साठ विद्यार्थ्यांचे परिच्छेद तपासून प्रत्येकाला 'हे क्रियापद या नामाला लागत नाही' असे सांगणे कष्टाचे असते, त्यासाठी शिक्षकाची स्वतःची इंग्रजी खोल असावी लागते आणि त्याची जाहिरात करता येत नाही. विद्यार्थ्यालाही यादी दिलासा देते. अथांग वाटणाऱ्या भाषेला ती शेवटचे पान देते. या दिलाशाला मी हसणार नाही, पण त्यासाठी पैसे घेणाऱ्यांनी तो परीक्षेची तयारी म्हणून विकू नये. वर्ग निवडताना 'तुम्ही किती शब्द शिकवता' यापेक्षा 'आमचे लेखन आठवड्याला किती वेळा तपासून मिळेल आणि त्यावर कोण लिहील' हे विचारले, तर निम्म्या जाहिराती निरुत्तर होतील.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांवरही थोडी जबाबदारी येते. त्यांनी गुणदानाची वर्णने खुली केली हे चांगलेच झाले, पण 'कमी प्रचलित' यासारख्या शब्दप्रयोगाचा त्यांनी खुलासा करावा तितका केलेला नाही, आणि त्या मोकळ्या जागेतच यादीचा धंदा उभा राहिला. नमुना उत्तरे आणि परीक्षकांचे शेरे त्या प्रसिद्ध करतात. मात्र शेरा बहुधा संपूर्ण उत्तराबद्दल असतो. एकाच विषयावरची सहाव्या आणि आठव्या बँडची उत्तरे शेजारी ठेवून कोणत्या शब्दनिवडीने गुण राखले आणि कोणत्या निवडीने घालवले हे ओळीओळीला दाखवले, आणि अवघड शब्द असूनही सहावर थांबलेली उत्तरेही त्यांत मुद्दाम घेतली, तर उमेदवाराला निकष वाचूनही न कळणारी गोष्ट कळेल. हे साहित्य विनामूल्य असावे, कारण परीक्षेचे शुल्कच मुळात कमी नसते, आणि ज्यांना महागडा वर्ग परवडत नाही तेच उमेदवार आज फुकट मिळणाऱ्या यादीवर सर्वांत जास्त विसंबून आहेत.